पहिली गोळी उस्तादांची

"...मग माझ्या हातचं काडतूस तुम्ही उडवणार तरी कधी, उस्ताद?"

शेगडीवरच्या लोखंडी भांड्यात शिसं वितळलं होतं. दुधावरची साय बाजूला घ्यावी तशी त्यावरची काळी मळी दस्तगीर उस्ताद पळीनं काढत होते.

हंबीर साचा हातात धरून उभा होता. त्यानं ओतलेल्या गोळ्या जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर निवत होत्या. एकसारख्या, चकचकीत.

कोल्हापूरच्या खालच्या अंगाला एक जुनं संस्थानी गाव आहे, तिथल्या रायफल क्लबची ही खोली. संस्थान गेलं, पण त्या वेळच्या फौजी रायफली क्लबात राहिल्या. शिशाची गोळी घातलेली काडतुसं त्यांना बाजारात मिळत नाहीत. म्हणून रीतसर परवाना काढून क्लबात ती हातानं भरत. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत मापानं दारू घालायची आणि तोंडाशी ओतलेली गोळी दाबायची.

हे काम दस्तगीर उस्तादांचं. ते शिकलगारांच्या घरातले. त्यांच्या आजोबांनी याच गावात तलवारींना धार लावलेली.

त्यांची एक रीत होती. शिकणाऱ्यानं भरलेल्या काडतुसांतलं पहिलं ते स्वतः उडवायचे. रायफलीच्या दस्त्याला गाल टेकवायचा, डोळ्यापासून वीतभर अंतरावर ते काडतूस, आणि घोडा दाबायचा. ते झालं की मग क्लबात त्या माणसाला भरणारा म्हणायचे.

ज्यानं भरलं त्यानंच का उडवू नये, असं हंबीरनं एकदा विचारलं होतं. उस्ताद म्हणाले होते, स्वतःच्या जिवाला माणूस तेवढं जपत नाही.

"गोळी वाईट आहे का माझी?" हंबीरनं पुन्हा विचारलं.

"नाही. सुबक आहे."

"मग अडलं कुठं?"

उस्तादांनी आपलीच एक गोळी उचलली. उजेडात फिरवून पाहिली. बुडाशी नखाएवढीसुद्धा नाही, केसाएवढी सुरकुती होती. त्यांनी ती गोळी परत भांड्यात सोडली. ती हळूच खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"भांड्यात परत गेलेली तुझी एकही गोळी मी अजून पाहिली नाही," ते म्हणाले.

हंबीर हसला. त्याला ती शाबासकी वाटली.

हंबीर जगदाळे नेमबाज चांगला. भिंतीवर त्याचे बिल्ले होते, गावात नाव होतं. चहाच्या टपरीवर त्याला कुणी पैसे देऊ देत नसे. आता त्याला भरणारा व्हायचं होतं, आणि उस्ताद त्याला नुसतं शिसं ढवळायला लावत होते, असं त्याला वाटायचं.

...

शेवटी उस्तादांनी काम दिलं.

जुन्या रायफलींची स्पर्धा रविवारी होती. पद्मजा त्यात उतरणार होती. लग्नाआधी ती क्लबात पहिली यायची. मग बाळंतपण झालं, आणि आता कुठं पुन्हा उभी राहत होती. सासूबाईंनी होकार दिला होता, पण कसा, तर लेकरू रडलं की तिथनं उठून यायचं.

तिची काडतुसं हंबीरनं भरायची, असं उस्ताद म्हणाले. संध्याकाळच्या आत. मग मैदानावर जाऊन पहिलं उस्ताद उडवून बघतील.

हंबीरनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. उस्तादांनी शर्टाकडे पाहिलं आणि वरून घालायला जुना डगला दिला.

"रीत माहीत आहे ना?"

हंबीरला रीत पाठ होती. रिकाम्या पुंगळ्या भोकांच्या फळीत पालथ्या ठेवायच्या. एक उचलायची, दारू घालायची, तिथल्या तिथं गोळी दाबायची, पेटीत ठेवायची. मग दुसरी. मधे कुणाशी बोलायचं नाही. बोलणं झालंच, तर हातातली पुंगळी झटकून रिकामी करायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून भरायची.

कारण शिशाच्या गोळीला दारू थोडीच लागते. पुंगळीचं बूड जेमतेम झाकतं. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी ती उतू जात नाही, वर गोळी नीट बसते. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते घोडा दाबल्यावर, रायफल तोंडाशी फुटते तेव्हा.

उस्ताद नमाजाला गेले. हंबीर बसला. हात झरझर चालू लागले.

अर्धी फळी रिकामी झाली असेल. दारात सावली पडली.

पद्मजा होती, लेक कडेवर. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. शिशाच्या खोलीत लहान मूल आणायचं नाही, असं उस्तादांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ती तर तशीही फार जपणारी. क्लबातले लोक तिला हसायचे. पोरीला शिंक आली तरी वहिनी दवाखान्याचा रस्ता धरतात, म्हणायचे.

"भावजी, माझीच ना ही?"

"तुमचीच, वहिनी."

"नीट भरताय ना? नाही म्हणजे... मला घरी जाऊन हिला पाजायचं असतं."

हंबीर मोठ्यानं हसला. "माझ्या हातची आहेत. डोळे मिटून उडवा."

ती जायला वळली नाही. काळजी असली की माणूस बोलत राहतो. काल रात्री पोरीला ताप होता, म्हणाली. औषध दिलं की नाही हेच आठवेना. चमचा ओला होता, पण तो आधीचा की आत्ताचा कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा द्यायचा धीर झाला नाही. मग नुसत्याच ओल्या पट्ट्या ठेवत बसले उजाडेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, एवढीशी गोष्ट ध्यानात राहत नाही, हिला बंदूक कशी देतात.

"एवढं काय त्यात," हंबीर म्हणाला. "एक चमचा जास्त गेला असता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुम्हाला अजून लेकरू नाही ना, भावजी.

ती गेली.

हंबीर अजून हसतच होता. त्याच्या एका हातात पुंगळी होती, दुसऱ्या हातात दारूचं माप. त्यानं माप भरून दारू ओतली, गोळी दाबली, काडतूस पेटीत टाकलं. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

फळी संपली. पेटी भरली.

तो हात धुवायला उठला. साबण चोळता चोळता त्याला तिचा ओला चमचा आठवला, आणि हात तिथंच थांबले.

ती दारात आली तेव्हा हातातल्या पुंगळीत दारू घातलेली होती... की घालायची होती?

नळ वाहत राहिला.

तो पेटीपाशी आला. सगळी काडतुसं सारखी दिसत होती. एकेक कानाशी नेऊन हलवून पाहिलं. सगळी सारखीच वाजली. काट्यावर दोन-चार तोलून पाहिली. पण पुंगळ्या जुन्या, त्यांच्या वजनात मुळातच फरक, गोळ्यांतही थोडा. त्यावरून काही ठरेना.

एकच उपाय होता. सगळी उस्तादांसमोर ठेवायची आणि सांगायचं.

बाहेर चपला वाजल्या.

"झालं?" उस्तादांनी विचारलं.

"झालं."

उस्तादांनी पेटीतली वरची दोन काडतुसं हातात घेतली, अंगठा फिरवला. काम नेटकं होतं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे. इतक्या दिवसांत असं ते कधी बोलले नव्हते.

मग नेहमीसारखं, दाराला कडी घातली का असं विचारावं तसं, त्यांनी विचारलं,

"कुणी आलं होतं?"

"... नाही."

"चल मग."

पेटी उस्तादांनी स्वतः उचलली. हंबीरनं मागितली, पण दिली नाही. आज तुझा मान आहे, म्हणाले.

मैदान जवळच होतं. हंबीर त्यांच्या मागं चालत होता. त्याला वाटलं, वाटेत सांगावं. मग वाटलं, मैदानावर पोचल्यावर सांगू. मग वाटलं, दुप्पट पडली असेलच असं कुठं आहे, आणि पडली असली तरी तेच काडतूस पहिलं हाती येईल असं कुठं आहे. पण पहिलं नाही आलं तर ते पेटीत राहील. आणि पेटी कुणाची, हे त्याला माहीत होतं.

लिंबाखाली पद्मजा थांबली होती. लेक खांद्यावर झोपलेली. उस्तादांना बघून ती पुढं आली.

"चाचा, मगाशी मी दारातच उभी राहिले हं. हिला घेऊन आत पाऊल नाही टाकलं. विचारा भावजींना."

उस्ताद थांबले.

हंबीरनं मान खाली घातली. जमिनीवर एक मुंगळा चालला होता, त्याकडे तो बघत राहिला. आता उस्ताद बोलतील, मारतील, पेटी फेकतील. त्यांनी काहीही केलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

"विचारायला नको," उस्ताद म्हणाले.

त्यांनी चटई अंथरली. पद्मजाला लेक घेऊन भिंतीमागं जायला सांगितलं, आवाजानं पोर दचकेल म्हणून. मग गुडघ्यावर हात ठेवत सावकाश खाली बसले.

चष्मा काढला. घडी केली. हंबीरच्या हातात दिला.

"धर. लांबचं मला त्याच्याशिवाय दिसतं."

चष्मा हलका होता. एका दांडीला दोरा गुंडाळलेला. हंबीरला तो धरवेना.

उस्ताद पोटावर आडवे झाले. पेटीतलं एक काडतूस घेतलं. निवडलं नाही, हाताला आलं ते घेतलं.

"उस्ताद."

"हं."

"मी उडवतो."

"का?"

"भरली मी... तर मीच उडवतो. फार वाटतंय मला तसं. तुम्ही मागं व्हा."

उस्तादांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसत होते, आणि ओले, म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे.

"जीव मागितला नाही मी," ते म्हणाले.

त्यांनी काडतूस आत सारलं. रायफलीचा बोल्ट पुढं ढकलला, खाली पाडला. खट् आवाज झाला.

लाकडी दस्त्याला गाल टेकवला. पांढरी दाढी लाकडावर दबली. श्वास घेतला... अर्धा सोडला. बोट घोड्यावर गेलं.

भिंतीमागं पोर जागी झाली होती. तिला गप्प करायला पद्मजा काहीतरी गुणगुणत होती.

"थांबा," हंबीर म्हणाला.

बोट थांबलं. सरलं मात्र नाही.



"कुणीतरी आलं होतं, उस्ताद."

उस्तादांनी बोट काढलं. बोल्ट मागं ओढला. काडतूस चटईवर पडलं आणि थोडं घरंगळत जाऊन हंबीरच्या बुटाशी थांबलं.

बाकीचं त्यानं उभ्यानंच सांगितलं. पुंगळी हातात होती ते सांगितलं, झटकली नाही ते सांगितलं. वाटेत तीनदा बोलणार होतो, असं सांगायला निघाला, पण ते वाक्य त्यानं अर्ध्यातच सोडलं.

पद्मजा भिंतीशी येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

ती ओरडली नाही. तिनं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, हंबीरपासून लांबच्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "विचारलं होतं ना मी?"

हंबीरनं मान हलवली.

"चाचा, मग रविवारी?"

काडतुसं मिळतील, उस्ताद म्हणाले. उद्या सकाळी.

"भरणार कोण?"

"हाच."

पोर तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. मग ती हंबीरला म्हणाली, उद्या मी दारात आले तर माझ्याशी बोलू नका, मी कितीही बोलले तरी. आणि गेली.

...

खोलीत परत आल्यावर उस्तादांनी गोळी काढायची हातोडी उतरवली. तिच्या पोकळ डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि हातोडी लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायची. गोळी सुटून दारूसकट त्या पोकळीत पडते.

हंबीरनं आपटायची, उस्तादांनी रिकामी करायची, असं ठरलं.

पहिली गोळी सुटली. हंबीर वाकून आत बघायला लागला, तेवढ्यात उस्तादांनी पोकळीवर हात ठेवला. हात तसाच ठेवून गोळी टोपलीत घेतली आणि दारू बादलीतल्या पाण्यात ओतली.

"उस्ताद, बघू तर द्या."

"पुढचं घे."

दुसरं झालं. तिसरं झालं. दर वेळी त्यांचा हात आड यायचा. दर वेळी दारू पाण्यात जायची, न मोजता, न बघता.

हंबीर एकेक आपटत होता आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे त्या हाताकडे जात होते. हात जाड होता, शिशाच्या कामानं करपलेला. त्याच्या फटीतून काहीच दिसत नव्हतं.

पेटी संपली.

टोपलीत गोळ्यांचा ढीग झाला. काहींची नाकं चेपली होती, काहींच्या कडा दुमडल्या होत्या. सकाळी त्यानं याच गोळ्या चारचौघांना दाखवल्या होत्या. उस्तादांनी टोपली त्याच्याकडे सरकवली.

हंबीरनं त्या शेगडीवरच्या थंड भांड्यात घातल्या. ओंजळीनं घातल्या. मग शेगडी पेटवली आणि बघत बसला. आधी त्यांना वंगण म्हणून लावलेलं मेण जळलं, धूर झाला. मग कडा मऊ झाल्या. मग एकेक गोळी दुसरीत मिसळत गेली, आणि कुठली कुठली ते राहिलं नाही.

त्याच्या खिशात काहीतरी टोचलं. उस्तादांचा चष्मा. मैदानावरून येताना तो द्यायचा राहिला होता. त्यानं तो शर्टाच्या टोकानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

उस्तादांनी तो घातला. एक दांडी कानामागं, मग दोऱ्याची.

"उस्ताद..."

"बोल."

"एका काडतुसात दुप्पट होती का हो?"

उस्ताद रिकाम्या पुंगळ्या फळीत लावत होते. एकेक पालथी.

"तुम्ही बघू दिलं असतं तर कळलं असतं. नसती, तर..." तो अडखळला. "नसती तर निदान झोप लागली असती मला. आता मला कसं कळणार, मी चुकलो होतो की नाही?"

उस्तादांनी शेवटची पुंगळी लावली. फळी उचलली आणि त्याच्यासमोर ठेवली. दारूचं माप पुसून तिच्या शेजारी ठेवलं. मग उठून दाराशी गेले आणि उंबऱ्यात, बाहेर तोंड करून बसले, कुणी आलं तर आधी त्यांच्यापाशी थांबावं लागेल असे.

हंबीर वाट बघत राहिला.

"सावकाश भर," पाठ न वळवता ते म्हणाले. "पहिली मीच उडवणार आहे."